टुकाईचा डावा डोळा

चिंचवडच्या पेठेत रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास एक माणूस हॉटेलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लाल काचांचा चष्मा लावून चहा पीत बसायचा. नवखी माणसं त्याला आंधळा समजायची. एखादा सज्जन तर हाताला धरून त्याला रस्ता ओलांडून द्यायचा. ज्योतीराम मुकाट्यानं रस्ता ओलांडायचा, आभार मानायचा आणि सज्जन दिसेनासा झाला की परत यायचा. कारण दवाखाना अलीकडच्याच बाजूला होता.

चष्म्याचं कारण साधं होतं. उद्धवराव डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र होतं. माणसाला यंत्रापुढं उभं करायचं, त्याच्या पुढ्यात एक पडदा धरायचा, की पडद्यावर त्याच्या बरगड्या आणि काळीज हिरवट उजेडात हलताना दिसायचं. पण तो उजेड इतका फिका की आधी वीस मिनिटं लाल चष्मा लावून डोळे अंधाराला सरावले नाहीत, तर समोर काळीज आहे की कोबी हे कळायचं नाही. ज्योतीराम या यंत्राचा ऑपरेटर. यंत्र लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलं होतं. ज्योतीरामही जाऊन आला होता. दोघं वेगवेगळे निवृत्त झाले आणि सत्तावन्न साली चिंचवडला एका खोलीत भेटले. यंत्र डॉक्टरांनी देहूरोडच्या लिलावात घेतलं होतं. ज्योतीराम आपल्या पायांनी आला होता.

त्याच्या डाव्या तर्जनीला नख नव्हतं. लढाईत जखमींचे हातपाय यंत्राखाली धरून धरून ते गेलं होतं आणि बोटाची कातडी वाळल्या चिंचेसारखी झाली होती. त्याला शिकवणाऱ्या हवालदाराची तर दोन बोटंच गेली. त्यामुळं ज्योतीरामनं स्वतःसाठी काही नियम करून ठेवले होते. शिशाचा अप्रन घातल्याशिवाय कळ दाबायची नाही. पेशंटच्या अंगावरचा सगळा धातू आधी उतरवायचा. आणि लहान पोराला फक्त एकदा बघायचं, तेही झटकन.

चैत्रातल्या एका बुधवारी हे तिन्ही नियम एकाच पोरीपायी धोक्यात आले.

चाकणजवळच्या कुरणवाडीहून बन्सी गुरव आपल्या पाच वर्षांच्या पोरीला, गोदीला, खांद्यावर टाकून एस.टी. स्टँडवरनं पळत आला. मागून त्याची आई ठकुबाई. बन्सीच्या घरी टुकाईची पूजा होती. रविवारी टुकाईची जत्रा. जत्रेआधी देवीचे चांदीचे डोळे मेण सोडवून काढायचे, चिंचेनं लख्ख घासायचे आणि पुन्हा बसवायचे, हे काम गुरवाच्या घरचं. बन्सीनं डोळे घासून ताटलीत ठेवले आणि तो मेण तापवायला गेला. परत येतो तो ताटलीत उजवा डोळा, आणि गोदी गप्प.

"ही पोरगी कधी गप ऱ्हात न्हाई," बन्सी म्हणाला. "तवाच मला कळलं."

"का गिळलास गं?" उद्धवराव डॉक्टरांनी विचारलं.

"चिंचेचा आंबट लागत हुता," गोदी म्हणाली.

ज्योतीरामनं तिचे वाळे काढले, हातातली बांगडी काढली. कमरेला काळा करगोटा होता. त्याला हात लावताच ठकुबाई खेकसली, "करगोट्याला हात लावू नगा! लेकराची कंबर उघडी ठेवत न्हाईत." काळ्या दोऱ्यात धातू नव्हता. ज्योतीरामनं तो राहू दिला. खोलीत अंधार केला, कळ दाबली. पडद्यावर चिमुकल्या बरगड्या उजळल्या आणि त्यांच्या खाली, पोटात, बदामाच्या आकाराचा एक काळा ठिपका. टुकाई आतून बघत होती.

सगळं मिळून दहा सेकंद. त्यानं कळ सोडली.

"धार नाही, टोक नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन दिवसांत आपोआप येईल. केळी द्या, आणि येतो का त्यावर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायचं काम ठकुबाईकडं आलं. ही मंडळी पेठेतच एका नातलगाच्या पडवीत उतरली. प्रकरण इथं संपायला हवं होतं.

गुरुवारी दहा वाजता चिमाजी पाटील आले. कुरणवाडीचे पाटील, पंचांतले थोर. फेटा दारात अडकेल म्हणून वाकून आत आले.

"डागदरसाहेब, देवीचा डोळा पोरीच्या पोटात हाय म्हंत्यात. गावाला मला जबाब द्यावा लागंल. माझ्या डोळ्यांनी बघितल्याबिगर मी कसा सांगू?"

उद्धवराव डॉक्टर माणूस चांगला. औषध चांगलं द्यायचे, गरिबाला उशिरापर्यंत तपासायचे. एकच खोड होती. यंत्र बघायला कुणी आलं की त्यांना त्या माणसाचं मन मोडवत नसे. त्यांनी पाटलांना लाल चष्मा दिला. फेट्याखाली लाल चष्मा लावून पाटील वीस मिनिटं बाकावर बसले. तेवढ्या वेळात दोन पेशंट घाबरून परत गेले.

मग अंधार, मग कळ. पाटलांनी पडद्यावरचा ठिपका पाहिला आणि तिथल्या तिथं हात जोडले.

"टुकाईच्या नावानं चांगभलं!"

"पाटील, हलू नका, पडदा हलतो," ज्योतीराम म्हणाला.

"आई कशी बघतीय! साक्षात बघतीय! आन अशी पोटातनं, आतनं." पाटील दाराकडं वळले. "डागदर, आमच्या मालकिणीला बोलवू का? बाहेरच उभी हाय."

मालकीण आल्या. त्यांच्यामागून मालकिणीची जाऊ. एकेक जण पडद्यापुढं येई, डोळे मोठे करी, नमस्कार करी, आणि कळ दाबलेलीच राही. गोदी कंटाळून एका पायावर उभी राहिली. ज्योतीरामनं मनात मोजलं. अडीच मिनिटं.

"डॉक्टरसाहेब," लोक गेल्यावर तो म्हणाला, "एकदा बघितलं होतं. पुन्हा कशाला?"

"अरे, किरणं काय चावतात का? ना दुखत, ना खुपत."

"माझ्या बोटालाही दुखलं नव्हतं, साहेब."

"तू चार वर्षं हात घातलास त्यात. ही पोरगी दोन मिनिटं उभी राहिली."

"अडीच. आणि उद्या?"

"उद्या कोण येतंय!" डॉक्टर म्हणाले.

उद्या बारा बाया आल्या. ताटात हळद, कुंकू, खण, नारळ. एकीनं यंत्रालाच कुंकू लावलं, दुसरीनं पडद्याला ओवाळलं, आणि कापराच्या उजेडात कुणालाच काही दिसेना म्हणून सगळ्यांना पुन्हा वीस मिनिटं अंधारात बसवावं लागलं. त्या अंधारात त्यांनी आरती म्हटली. गोदीला पेढे भरवले. केळ्यांवर पेढे, पेढ्यांवर साखरफुटाणे. गोदीला आता या कामाची सवय झाली होती. कुणी आत आलं की ती आपण होऊन पडद्यामागं जाऊन पोट पुढं काढून उभी राही.

ज्योतीरामनं पुन्हा मोजलं. त्या दिवशीची चार मिनिटं. एकूण पावणेसात.

संध्याकाळी पाटलांनी बेत सांगितला. टुकाईच्या जत्रेचा नवस दोन्ही डोळ्यांच्या दर्शनाशिवाय फिटत नाही. देवळात तर एकच डोळा. तेव्हा पंचांनी ठरवलं होतं की गावानं सकाळी देवळात उजव्या डोळ्याचं दर्शन घ्यावं, आणि तिथून दोन ट्रक भरून चिंचवडला येऊन डाव्याचं.

"किती माणसं?" ज्योतीरामनं विचारलं.

"दोनशे धरा. म्हातारीकोतारी येगळी."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. दोनशे माणसं! एवढी माणसं तर पिंपरीला औषधाच्या कारखान्याची पाटी लागली तेव्हाही आली नव्हती. "एकेकाला पाच सेकंद," ते म्हणाले. "रांग लावू. शिस्तीत होईल."

पाच सेकंद गुणिले दोनशे. ज्योतीरामला हिशेब येत होता, हेच त्याचं दुखणं होतं. मोठ्या माणसाला त्यानं इतका वेळ कधी धरलं नव्हतं. आणि ही पाच वर्षांची. सगळी मिळून एका बरणीएवढी.

शनिवारी पाटलांचा खेडचा मेव्हणा आला. रविवारी त्याला एका लग्नाला जायचं होतं म्हणून आगाऊ दर्शन हवं होतं. ज्योतीराम नाही म्हणाला. डॉक्टर हो म्हणाले. डॉक्टर दवाखान्याचे मालक होते. कळ दाबली गेली.

आणि गोदीला उचकी लागली.

पडद्यावर बरगड्या हलल्या. त्यांच्या खाली देवीचा डोळा उजवीकडं गेला, डावीकडं आला, पुन्हा उजवीकडं गेला. दुसरी उचकी आली तेव्हा तो खालून वर उडाला आणि सावकाश परत खाली येऊन टांगल्यासारखा राहिला.

"नाचतीय!" मेव्हणा कुजबुजला. "आई नाचतीय!"

ज्योतीरामनं कळ सोडली. पोटात गेलेली वस्तू पुढं सरकते, अडकते, वळते. झोके घेत नाही. त्याच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि त्याचे कान तापले. डोळा बुधवारी जिथं होता तिथून गुरुवारी बेंबीपाशी आला, आणि तेव्हापासून तिथंच. त्यानं ते रोज बघितलं होतं. बघूनही पाहिलं नव्हतं.

दवाखान्यामागं चिंचेचं झाड होतं. ठकुबाई तिथं गोदीचे केस विंचरत बसली होती. ज्योतीराम समोर उकिडवा बसला.

"मावशी, करगोटा दाखवा."

"का?"

"दाखवा."

ठकुबाईचे हात थांबले. "करगोट्याला हात..."

"हात लावत नाही. बघतो."

गोदीनंच परकर खाली केला. "ह्यो बघा," ती म्हणाली. करगोट्यात बेंबीपाशी काळ्या चिंधीची एक पुरचुंडी बांधली होती. टिचभर. तिच्यात टुकाई.

"आला तर मग," ज्योतीराम म्हणाला.

"बेस्तरवारी पहाटं," ठकुबाई म्हणाली आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली केला. "धुतला. राखेनं धुतला, चिंचेनं धुतला, गंगेच्या पान्यानं धुतला. पर कुठनं आला ते तर खरं हाय न्हवं? पंच म्हनतील, बाटला. आमचे भाऊबंद टपलेतच. पूजा आमच्याकडनं काढतील, त्येंच्या दारात नेतील. सात पिढ्यांची पूजा, आन ती गेली कशानं? तर पोरीच्या परसाकडनं! म्हनलं, जत्रा होऊ दे. मंग लोकास्नी सांगू आला म्हनून, गर्दी नसताना गुपचूप बसवू."

"म्हणजे गुरुवारपासून आम्ही पोरीच्या पोटात काहीच नसताना..."

"हाय की. पेढं हायती."

ज्योतीरामला हसू आलं आणि आलं तसं गेलं. त्यानं डावा हात पुढं केला. "हे बोट बघा."

ठकुबाईनं बोट धरून उलटंसुलटं केलं. "भाजलं व्हय?"

"भाजतं तेव्हा कळतं. ह्यात कळत नाही. तो उजेड अंगातनं आरपार जातो, म्हणून तर आतलं दिसतं. जाताना थोडं थोडं बिघडवून जातो. एकदा बघितलं तर काही वाटायचं कारण नाही, दुखणं कळतं, फायदाच होतो. पण विनाकारण रोज बघितलं तर ते आत साठत जातं. आणि लेकराचं अंग कोवळं. वाढतं. त्याला जास्त लागतं."

"काय व्हईल?" ठकुबाई आता त्याच्याकडं सरळ बघत होती.

"आज काही होणार नाही. उद्याही नाही. झालं तर वीस वर्षांनी, तीस वर्षांनी. रक्ताचा रोग, गाठ, असलं काही. आणि कदाचित कधीच काही होणार नाही. मला खरंच सांगता येत नाही, मावशी. कुणालाच येत नाही."

"तीस वर्सांनी!" ठकुबाई म्हणाली. "तवर मी काय जगते व्हय?"

"तुम्ही नाही. ही जगणार आहे."

ठकुबाईनं गोदीची वेणी पुरी घातली, रिबीन बांधली, गाठ फार घट्ट बसली म्हणून सोडून पुन्हा बांधली.

"उद्या दोनशे माणसं येणार," ज्योतीराम म्हणाला. "मी सांगितलं तर डॉक्टर ऐकायचे नाहीत, आणि लोक म्हणतील ऑपरेटरनं देवीचा अपमान केला. तुमची पूजा जाईल असं मी तरी कसं सांगू? मी सांगणार नाही. पण उद्या कळही दाबणार नाही. कामावरनं काढलं तरी."

"मंग दुसरा कुनी दाबंल."

"हो," ज्योतीराम म्हणाला. "डॉक्टरांना येते दाबता."

रविवारी अकराला ट्रक आले. पहिल्यात पाटील, पंच, ढोल आणि पुरुष. दुसऱ्यात बाया, पोरं आणि एक बोकड. तो कुणी आणला होता ते कुणीच कबूल करेना. पेठेत रांग लागली. लाल चष्मा एकच आणि माणसं दोनशे, म्हणून डॉक्टरांनी पतंगाचा लाल कागद आणवून ठेवला होता. रांगेतला जो तो डोळ्यांवर लाल कागद धरून पुढच्याच्या पाठीवर आदळत होता. जाणाऱ्या एस.टी.तली माणसं उठून उभं राहून बघत होती.

ज्योतीराम अप्रन न घालता दारात उभा राहिला. अप्रन आत खुंटीला होता. डॉक्टरांनी ते बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते काही बोलणार तेवढ्यात ठकुबाई गोदीला घेऊन बाहेर पायरीवर आली. तिनं मूठ वर केली आणि उघडली. चैत्राच्या उन्हात चांदी चमकली.

"आला," ती म्हणाली.

ढोल थांबला. दोनशे लाल कागद खाली आले.

"कवा?" पाटलांनी विचारलं.

"त्येची येळ झाली तवा."

"कसा आला?"

"कसा म्हंजे? समद्यांचं जसं येतं तसा. ऐकायचंय? सांगते बैजवार. बसा समदी खाली." ठकुबाईनं पदर खोचला.

"न्हाई न्हाई न्हाई," पाटील घाईघाईनं म्हणाले. पंचांतल्या दोघांनी आभाळाकडं बघायला सुरुवात केली.

मागून बन्सीच्या चुलतभावाचा आवाज आला. "पर मंग बाटला की! बाटलेला डोळा आईला कसा बसवायचा? इचार करा पंच. पूजा आता..."

"बाटला?" ठकुबाई त्याच्याकडं वळलीच नाही. ती पाटलांकडं वळली. "पाटील, बेस्तरवारी तुमी हात जोडले, तवा त्यो कुठं हुता म्हनत हुता?"

"पोटात."

"पोटात कुठं? पोटात काय देव्हारा हाय? आतड्यात न्हवं? एकीनं यंत्राला कुकू लावलं, बारा बायांनी आरती म्हनली, तुमच्या मेव्हण्याला आई नाचताना दिसली. ती कशात नाचत हुती?"

कुणी हसलं. ते हसू रांगेतून मागं मागं गेलं आणि बोकडापर्यंत पोचून परत आलं. पाटील फेट्यावरून हात फिरवत राहिले. डोळा बाटला म्हणावं तर चार दिवस सगळ्या गावानं कशाला नमस्कार केला, हा प्रश्न. त्यात पहिला नमस्कार त्यांचा.

"राख," शेवटी ते म्हणाले. "चिंच. गोमूत्र. मंग अभिषेक. चांदी हाय ती, चांदीला काय हुतंय? पूजा जिथं हाय तिथं."

चुलतभाऊ मागच्या मागं ट्रकात जाऊन बसला.

पण माणसं हलेनात. वीस मैल धुरळा खाऊन आलेली. यंत्र बघितल्याशिवाय परत जायचं म्हणजे काय? तेवढ्यात एक बाई पुढं झाली. "डागदर, माझ्या ह्यानं परवा गुंडी गिळलीय. बघता का?" लगेच दुसरी म्हणाली, तिच्या पोरानं चिंचोका. तिसरीच्या पोरीनं चाळातलं घुंगरू. चौथ्या पोराला स्वतःलाच आठवलं की त्यानं गोटी गिळली, आणि गोटी त्याच्या हातातच होती. पाहता पाहता कुरणवाडीच्या सतरा पोरांनी काही ना काही गिळलेलं निघालं. डॉक्टरांचे डोळे परत चमकायला लागले.

"सतरा जण," ते हळूच म्हणाले. "फक्त दोन-दोन सेकंद, ज्योतीराम."

ज्योतीराम आत गेला. अप्रन घेऊन येईल असं डॉक्टरांना वाटलं. तो एरंडेलाची मोठी बाटली आणि सूप वाढायचा चमचा घेऊन आला.

"ऐका!" त्यानं पलटणीतला आवाज काढला. "ज्यानं ज्यानं गिळलंय त्यानं पुढं यायचं. आधी दोन चमचे एरंडेल. मग उद्या बघू. डॉक्टरसाहेबांचा हुकूम आहे."

सगळे डॉक्टरांकडं बघायला लागले. डॉक्टर ज्योतीरामकडं बघत होते, बाटलीकडं नाही, त्याच्या डाव्या हाताकडं. बाटलीच्या गळ्याभोवती ते बिननखी बोट होतं. डॉक्टरांनी ते रोज बघितलेलं होतं.

"हो," ते म्हणाले. "आधी एरंडेल. तोच नियम आहे."

सतराही पोरं जागच्या जागी बरी झाली. गुंडी सदऱ्याला सापडली. घुंगरू चाळातच होतं. पाऊण तासात ट्रक निघून गेले आणि बोकड मागं राहिला. तो संध्याकाळी कुणीतरी नेला.

कुरणवाडीची एस.टी. यायला अजून वेळ होता. बन्सी डोळा फडक्यात बांधून छातीशी धरून स्टँडवर आधीच जाऊन बसला होता. ठकुबाई पायरीवर पान लावत होती. गोदी आत आली आणि सवयीनं पडद्यामागं पोट काढून उभी राहिली.

"ये बाहेर," ज्योतीराम म्हणाला. "संपलं आता."

ती हलली नाही. "समद्यांनी बघितलं."

"हो."

"मी न्हाई बघितलं."

ज्योतीरामनं कळीकडं बघितलं. पाटलांना नाही म्हणता आलं असतं, दोनशे माणसांना म्हणायला तर तो तयारच होता. पोट हिचं. हक्क कुणाचा असेल तर हिचाच. आणि तीन सेकंदांत काय होणार होतं? डॉक्टर परवा हेच म्हणाले होते.

"नाही गोदे," तो म्हणाला. "तुझी सात-आठ मिनिटं आधीच खर्च झाली. आणि आता तर आत काही नाही."

"पेढं हायती."

त्यानं खोलीचं दार सताड उघडलं. ऊन आत आलं, पडदा साधा पांढरट दिसायला लागला. नोंदी लिहायची काळी पाटी त्यानं मांडीवर घेतली आणि खडूनं बरगड्या काढल्या, पाठीचा मणका काढला, खाली पोट, पोटात बदामाच्या आकाराचा डोळा. गोदी त्याच्या खांद्याला टेकून बघत राहिली.

"ही कोन?"

"तूच की."

"मी आसली न्हाई," ती म्हणाली. "मी कुठंय ह्यात?"

ज्योतीरामनं बरगड्यांच्या वर मान काढली, तोंड काढलं, दोन वेण्या आणि रिबिनी काढल्या, आणि ती हसतेय असं दाखवायला दात काढले.

"खालचा एक पडलाय," गोदी म्हणाली आणि तोंड उघडून दाखवलं.

त्यानं नीट वाकून बघितलं, मग बोटानं पाटीवरचा एक दात पुसला.